शिक्का

अर्जात एक रकाना होता: अनुभव.
मी लिहिलं, अकरा वर्षं चार महिने.
रकाना तेवढाच होता.

त्यात मावलं नाही ते असं:
उत्तर ओंटारिओ, मॅकव्हेटी गावाबाहेर पत्र्याची शेड,
उणे एकतीस, आणि टेबलावर ओळीने
जमिनीखालून वर काढलेला खडक,
मनगटाएवढा जाड, लाकडी पेट्यांत आडवा.
आधी त्याला ओला करायचा. कोरडा खडक बोलत नाही.
मग भिंग डोळ्याशी, खडक भिंगाशी,
आम्लाचा थेंब टाकून कान द्यायचा, फसफसतो का.
मग वहीत: हिरवट, बारीक कणांचा,
गारेची शीर दोन बोटं, पायराइट किंचित.
सोनं दिसत नाही.
हे शेवटचं वाक्य इतक्यांदा लिहिलंय
की पेन्सिल आपणहून तिकडे वळते.

शिफारसपत्रं तीन लागतात. दोन लगेच आली.
तिसरं ऑर्व्हिल पेटिग्रूकडे. त्याने तीन आठवडे घेतले.
मग एवढंच लिहिलं:
"रायली हाकोलाने दुसऱ्या वर्षी पेटी सांडली,
तुकडे अंदाजाने परत लावले, आणि गप्प राहिली.
तिसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं.
चाळीस मीटर पुन्हा तपासावे लागले.
तीन दिवस जरा जास्तच झाले, हेही नोंदवावे.
मी तिची शिफारस करतो."

परीक्षा सडबरीच्या एका हॉटेलात.
प्रश्न कायद्याचे, जबाबदारीचे, कोणी काय लपवलं त्याचे.
दगडावर एकही नाही.

शिक्का पोस्टाने आला. वाटला होता त्याहून हलका.
रबरावर माझं नाव उलटं.
आई म्हणाली, बघू उठतो का,
आणि दाबला किराणाच्या यादीवर.
राय ब्रेड, लोणी, हेरिंग, दिव्याच्या काड्या:
सगळ्याची कायदेशीर जबाबदार आता मी.
यादी मी फाडली. ती दिवसभर हसत होती.

खरा पहिला ठसा उठला
एकोणिसाव्या भोकाच्या अहवालावर.
मॅनेजर म्हणाला, "आशादायक" हा शब्द बसेल का कुठे?
मी म्हटलं, बसत नाही.
म्हणाला, म्हणजे नक्की? काळ्या दगडावरची रेघ?

काळ्या दगडावरच्या रेघा मी रोज बघते.
नीट चालता चालता एखादी भेग लागते
आणि रेघ चार बोटं डावीकडे सरकलेली असते,
अब्जावधी वर्षांपूर्वी, कुणाला न विचारता.
म्हणून मी खोली लिहिली:
चारशे बारा मीटरपर्यंत काही नाही.
त्याखालचं मला माहीत नाही.
आणि शिक्का दाबला, शाई जरा जास्त लागली.

खाण येणार म्हणून रेमी गोतिएने
हप्त्यावर पिकअप घेतली होती.
पंपाजवळच्या कॅफेत त्या आठवड्यात
माझ्या शेजारचा स्टूल रिकामा.
अंगठ्यावरची निळी शाई अंडी खाताना दिसत राहिली,
साबणाने गेली नाही.

शनिवारी तो येऊन बसला.
गाडीबद्दल नाही, खडकाबद्दल नाही.
टोपी काढली, कप पुढे घेतला,
म्हणाला, साखर सरकव इकडे.