अंदाज

दौलतफुईच्या फडताळात सापडल्या
मुठीएवढ्या वेताच्या टोपल्या, अकरा,
एकात एक बसलेल्या,
आणि एक मेणचट वही, पानोपानी हळदीची बोटं.

अक्षरं गुजराती.
मी कराचीची. उर्दू लिहिते, हिशेब इंग्रजीत करते,
गुजराती मला फक्त ऐकू येते.
म्हणून खालच्या मजल्यावरचे मिनोचेरकाका आले,
चष्मा कपाळावर, वही नाकाशी,
आणि वाचू लागले,
दुसऱ्याच्या घरचं पत्र वाचावं तसं, दबकत:

दूध, रतनच्या पातेल्यात गळ्यापर्यंत.
कोंबडीच्या पोटातलं सुकवलेलं अस्तर, नखाएवढं,
सिरक्यात भिजवून.
मीठ समज येईल तेवढं.
दूध बोटाला चावेनासं झालं, की

की काय?
पुढचं पान चिकटलेलं.

रतन कोण, काकांनाही ठाऊक नाही.
पातेलं कधीच भंगारात गेलं असणार.
सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

वाढदिवसाला उंबऱ्यावर चुन्याचे मासे उठायचे,
आत शेवया, दही,
आणि फुई माझ्या तळहातावर टोपली उपडी करायची.
थरथरतं, गार, पांढरं पनीर,
त्यावर वेताची वीण जशीच्या तशी.
मी आधी त्या रेघा चाटायचे.
मग बाकीचं. बाकीचं तसं बेचवच होतं,
खरं सांगायचं तर.

क्लिफ्टनच्या वाळूत एकदा
मी खेकड्यांसाठी पनीर लावलं होतं.
लाट आली, टोपली गेली.
घरी मी गप्प. फुईही गप्प.
तेव्हा मला वाटलं, तिनं मोजल्याच नाहीत.

काकांनी चिकटलेलं पान वाफेवर धरून सोडवलं.
कृती नव्हतीच तिथं. एवढंच:
टोपल्या बारा. एक समुद्राला दिली.

पहिल्यांदा दूध नासलं.
दुसऱ्यांदा जमलं, पण रबर.
तिसऱ्यांदा रात्री अकराला, वीज गेलेली,
मेणबत्तीच्या उजेडात मी बोट बुडवलं,
दूध चावलं नाही.

सकाळी काकांपुढे बशी ठेवली.
त्यांनी रेघांवरून अंगठा फिरवला, खाल्लं,
बराच वेळ काही बोललेच नाहीत.
मग म्हणाले, मीठ कमी आहे.
आणि बशी पुढं केली.