रूम टोन

पहिल्या दिवशी कुणी काम सांगितलंच नाही.
गळ्यात वॉकी अडकवला, म्हणाले, चॅनेल दोन,
आणि मी अर्धा तास
बटण दाबलेलंच ठेवून
सगळ्या युनिटला माझा श्वास ऐकवत होते.

कोलशेतला, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत हा बंगला.
पुढून सासर, मागून पोलीस चौकी,
गच्चीवर हिरवा पडदा लावला की लंडन.
मला नाव नव्हतं. फोर्थ.
ए फोर्थ, छत्री. ए फोर्थ, सासूबाईंची बांगडी कुठल्या हातात होती?
(डाव्या. हे मात्र मी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवत होते.)

पुढच्या आठवड्यात काम मिळालं: आवाज थांबवणं.
गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं
आणि रोल म्हटलं की जग धरून ठेवायचं.
मी ओरडायचे, शांतता! शांतता!
आणि रेकॉर्डिंगमध्ये तेवढंच यायचं.
सुकांतदा हेडफोन मानेवर उतरवून
नुसते बघायचे माझ्याकडे.
त्या बघण्यात
मास मीडियाची तीन वर्षं
बर्फाच्या गोळ्यासारखी काडीवरून गळून पडायची.

मग ओरडणं सोडलं. वही केली.
पाटलांचा कोंबडा: वेळ पाळत नाही. टोपली घालावी.
(टोपली माझ्या पैशांची, एकशे वीस. पगार नव्वद दिवसांनी.)
सोसायटीचा पंप: वॉचमन थापा, तंबाखू चालत नाही, खारी चालते.
भंगारवाला इलियास, बुधवार.
आता तो वळणावरच भोंगा बंद करतो
आणि मला अंगठा दाखवतो,
चांगल्या अर्थानं.

राहिल्या भोईर काकू.
समोरच्या खिडकीत, साडेअकराला, चार शिट्ट्या,
चौथी नेहमी उशिरा, रुसून आल्यासारखी.
काकू, दहा मिनिटं?
"तुमचा डायरेक्टर येल का माझ्या नातवाला भरवाला?"
याचं उत्तर कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून
हळूच सांगून टाकलं
की सोमवारी सासू कोमातून उठणार आहे.
सही केलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं:
गोष्ट फुटली तर नोकरी गेली.
काकूंनी डाळ निवडायची थांबवली.
"आन् मंग त्या वकिलाचं काय?"
ते उद्या, म्हटलं.
कुकर सव्वाबारावर सरकला.
गोष्ट कुठे फुटली नाही.
आख्ख्या कोलशेतमध्ये तेवढंच एक पोट मी घट्ट पाहिलं.

खारेगावला आई चष्मा पुसून टीव्हीसमोर बसते.
नावं सर्रकन पळतात, त्यात मी नसतेच.
यात तुझं काय, विचारते.
मी म्हणते, बघ, ती रडायच्या आधी थांबली ना,
तेव्हा मागे काहीच वाजलं नाही.
आई म्हणते, हो का,
आणि पोळ्या झाकायला उठते.

आज सीन संपला, जेवणाआधी
सुकांतदा म्हणाले, रूम टोन, तीस सेकंद.
म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचा,
पुढे कुठे शिवण उसवली तर
ठिगळ लावायला.
साठ माणसं होती तिथे गोठली.
हिरॉईन, एक झुमका काढलेला, एक कानात.
मुरुगन अण्णा, तापलेल्या लाइटखाली फडकं हातात.
दारातला मेकअपवाला, अर्धी जांभई तोंडात धरून.

वॉकीवर खरखर.
"रुचिरा, गल्ली?"

माझं नाव त्यांना ठाऊक होतं तर.

मी श्वास रोखला, मग बटण दाबलं.
गल्ली शांत.

टोपलीखाली कोंबडा. पंप बंद.
समोर खिडकीत काकू,
कुकर चढवलेला, शिट्टी गदगदायला आलेली,
हात गॅसच्या बटणावर,
माझ्याकडे बघत.

मी मान हलवते.
अजून नाही.