कलम दोन (ग)

या अधिनियमात, संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर
'नदी' म्हणजे —
इथे मी तीन आठवडे अडकलो आहे.

जलसंपदाच्या मसुद्यात नदी म्हणजे विसर्ग,
गंगापूरच्या दारांपाशी मोजलेला, क्युसेकमध्ये.
महापालिकेच्या मसुद्यात ती
निळ्या आणि तांबड्या रेषेमागची अडचण.
पुरातत्त्वाला पाणी नकोच, पायऱ्या हव्यात.
आणि पुरोहितांच्या पत्रात तिचं नाव गंगा आहे,
पानभर, कुठेही खाडाखोड नाही.

त्र्यंबकपासून नांदूरमध्यमेश्वरापर्यंत
सगळ्यांनी मिळून तिला सांभाळावं, असा कायदा करायचाय.
सदस्य अठरा. बैठक तिमाही. गणपूर्ती सात.
पहिल्या बैठकीला सहा जण आले.
सातव्या खुर्चीत कुणाची तरी छत्री होती.

अनुसूचीवरून वाद झाला.
दुतोंड्या मारुती कुठे घालायचा,
वारसास्थळांत की मोजमापाच्या साधनांत?
कारण पूर आला की यंत्राचा आकडा
कुणी विचारत नाही गंगेवर.
'कमरेला लागलंय का?' एवढंच विचारतात,
आणि भांडीवाले
गाळे आवरू लागतात.

चांदोरीच्या मथुराबाई टर्ले शेवटी बोलल्या.
'आमची देवळं पात्रातच हायेत, साहेब.
पाणी उतरलं की दिसत्यात,
तुमचं आवर्तन सुटलं की जात्यात.
भागीदार म्हणता ना आम्हाला?
मग दार उघडायच्या आधी एक फोन करत जा.'
मी ते तसंच उतरवून घेतलं.
टंकलिखित होऊन आलं तेव्हा
त्याचं 'वाजवी पूर्वसूचना' झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुंडावर गेलो.
यल्लप्पा धोत्रे काँक्रीट फोडत होता,
खालच्या जुन्या पायऱ्यांना धक्का न लावता,
दाढ काढावी तसं, हळू.
सुटलेल्या प्रत्येक दगडावर त्याने खडूने आकडा घातलेला.
'कान लावा,' म्हणाला.
मी पँटच्या गुडघ्यांची पर्वा न करता वाकलो.
आत काहीतरी
घोट घेत होतं.

दुपारपर्यंत एक बारीक धार आली वर.
धरण बंद होतं. आकाश कोरडं.
कुणी सोडलेलं नसलेलं पाणी,
आपणहून आलेलं.
कनिष्ठ अभियंता बराच वेळ बघत उभा राहिला,
मग मला हळूच म्हणाला,
'हे कुणाच्या अखत्यारीत येतं?'
मी अठरा नावं मनात मोजली.
यल्लप्पाने ओंजळ भरली आणि तोंड धुतलं.

रात्री लिहिलं:
'नदी' म्हणजे पाणी,
पाणी नसेल तेव्हा त्याची जागा,
आणि त्या जागेवर त्याची वाट पाहणारे दगड.

विधी विभागाने फाईल परत पाठवली.
समासात हिरव्या शाईत शेरा:
'दगड वाट पाहतात यास पुरावा काय?'

मी खाली लिहिलं, कृपया परिशिष्ट पाहावे.
परिशिष्टात एकच नोंद:
दगड क्रमांक सत्तेचाळीस.
वरून कोरडा.
खडूचा आकडा खालच्या बाजूने
पुसत चाललेला.