प्रमाण वजन

सियागंजातल्या जुन्या दुकानदारांना आठवत असेल,
विपट साहेब दारात दिसले
की तराजू आपोआप सरळ व्हायचे.
छत्तीस वर्षं वजनमापं खात्यात.
निळ्या मखमलीच्या पेटीत पितळी वजनं,
शर्टाच्या खिशात चिमटा.
पाच ग्रॅमसाठी ह्यांनी एकदा
माझ्या सख्ख्या मामाचं दुकान सील केलं.
त्या दिवाळीला मामा आला नाही,
पुढच्याही नाही.

आता ह्यांच्या डोक्यात दोन तारा आहेत
आणि डाव्या हासळीखाली काडेपेटीएवढी बॅटरी.
रिमोट माझ्याकडे.
तो मी हिंगाच्या डबीशेजारी ठेवते,
तिथलं कधी काही हरवत नाही.
ऑपरेशनच्या कागदावर सही ह्यांचीच,
इतकी थरथरलेली
की बँकेनं चेक परत पाठवला असता.
इस्पितळानं चालवून घेतली.

दोन पॉइंट दोनवर
कपबशी वाजते, पाऊल उंबऱ्याशी अडतं
आणि हे, हेच असतात.
दूधवाल्याचं माप डोळ्यांजवळ नेऊन बघणारे,
माझ्याशी दिवसाला मोजून बारा वाक्यं बोलणारे.

तीन पॉइंट एकवर
थेंब न सांडता चहा ओततात,
जेल रोडवरून एकदम चार छत्र्या घेऊन येतात,
"अगं, ऐक ना" म्हणतात,
लग्नाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदा.
खोटं कशाला बोलू, मी लाजले.
मग परवा मल्हारगंजात भाजीवाल्यानं काटा मारला.
मी बघितलं. ह्यांनीही बघितलं.
आणि हसून म्हणाले,
"जाऊ दे गं, पाच ग्रॅमनं काय होतं!"

मी भर बाजारात पिशवी खाली ठेवली.
हे वाक्य कुणाचं?
बॅटरीचं?
की छत्तीस वर्षं ह्यांच्याच घशात अडकलेलं,
आता कुठे सुटलेलं?
मामा असता तर त्याला विचारलं असतं.

डॉक्टर तरुण आहे, भला आहे.
म्हणाला, पेशंटलाच विचारू या.
तीन पॉइंट एकवर विचारलं.
"कमी करू नका," हे म्हणाले.
मग कमी करून विचारलं.
"तुम्हाला योग्य वाटेल ते,"
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.
साक्ष कुठली धरायची?
तराजूला विचारून तराजू तपासता येत नाही.
हे मला ह्यांनीच सांगितलेलं,
साखरपुड्यानंतर, बिलावली तलावाच्या काठी,
दुसरं काही बोलायला सुचेना म्हणून.

एक गोष्ट मी मुलालाही सांगितलेली नाही.
विहीणबाई येणार होत्या त्या संध्याकाळी
मी दोन ठिपके वर नेले.
हे छान हसले सगळ्यांशी.
आणि देवासचा प्लॉट विकण्यावरून भांडण पेटलं
तेव्हा चार खाली.
वाद संपला. जिंकले मी.
झोप लागेपर्यंत ह्यांचा हात
पलंगाच्या कडेवर टकटकत होता.
मापात पाप म्हणतात ते एवढंसंच असतं,
ठिपक्याएवढं.

काल माळ्यावरून पेटी काढली.
पन्नास ग्रॅमचं वजन मी सरळ बोटांनी उचललं.
"चिमटा!"
केवढ्यानं ओरडले.
कितीवर होते, मी बघितलं नव्हतं.
"उघडी बोटं लावायची नाहीत. घाम लागतो.
दिसत नाही, पण माप बदलतं."

वजन मी त्याच्या खळग्यात परत ठेवलं.
पदराला बोटं पुसली.
स्वयंपाकघरात हिंगाची डबी,
शेजारी रिमोट,
त्याच्या एका बटणावरची खूण
पार पुसून गेलेली,
माझ्या अंगठ्यानं.