माटोळीचा भार

चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी
माझी साइट पडली.
पडली म्हणजे आवाज झाला नाही.
एक पांढरं पान, त्यावर पाचशे तीन हा आकडा,
आणि केप्याहून जानकी वेळीपचा फोन:
"बाय, कवंडळां तोडून दवरल्यांत,
घेवपी खंय गेले?"

सहा वर्षांपूर्वी सुरू केली, तेव्हा दिवसाला चाळीस माणसं यायची.
माटोळीला लागणारं रान कोण काढतं, कुठे मिळेल:
कांगणी, घागऱ्या, तोरिंजन, सुपारीचा कात्रा.
एवढंच लिहायचं होतं.
जागा घेतली महिना नव्याण्णव रुपयांची,
तीनशे अनोळखी साइटींबरोबर एकाच यंत्रात.
भाड्याच्या खोलीवर जडतो
तसा जीव जडला होता तिच्यावर.

दसऱ्यानंतर फोंड्याला गेले,
बसस्टँडसमोर, चष्म्याच्या दुकानावर, आन्सेल्मकडे.
पर्समध्ये पत्रक: अख्खा सर्व्हर स्वतःचा,
महिना अकरा हजार, चित्रात निळे दिवे.
"हाच घ्यायचा," म्हटलं. रडकुंडीला आले होते अजून.
पंख्यानं उडू नये म्हणून
त्यानं पत्रकावर चहाचा पेला ठेवला
आणि विचारलं, "लोक केन्ना येतात?"

किती, असं नाही. केव्हा.

अकरा महिने, दिवसाला सत्तर.
श्रावण उतरणीला लागला की हजार.
शेवटचे तीन दिवस अठ्ठावीस हजार,
वाळपईहून, म्हापशाहून,
आणि तिकडे कुवेतहून, ज्यांना काही घ्यायचं नसतं,
नुसतं बघायचं असतं.

"मग उरलेले म्हयने त्या निळ्या दिव्यांक
जेवण कोण वाडटलो?"
अख्खं घर घेतलंस, म्हणाला, की कौलंही तुझी,
मध्यरात्री गळलं तर शिडीही तुझीच.
आत्ता तू सामाईक बावीवर आहेस.
शेजारी लग्न लागलं की तुझी कळशी कोरडी.
थोडा थांबून म्हणाला,
आणि त्या दिवशी लग्न तुझ्याच घरी होतं.

हे सुचलंच नव्हतं मला.
त्या सकाळी माझ्यामुळे
कुणा दंतवैद्याचं पानही पांढरं पडलं असेल,
कुणी गाल धरून बसलं असेल.

मग त्यानं जानकीच्या एका कवंडळाचा फोटो उघडला.
लिंबाएवढं लालभडक फळ, वजन नऊ एमबी.
जागा वाढवू, म्हणाला, पण आधी हे.
दिवाळीपर्यंत मी फोटोच बारीक करत बसले.

आमच्या सावईवेऱ्याच्या घरी
माटोळी बांधायच्या आधी शाणूकाका
छताखालच्या चौकटीला दोन्ही हातांनी लोंबकळतो,
गुडघे दुमडून, डोळे मिटून.
घरातल्या सगळ्यात जाड माणसाचा हा मान.
करकरलं, तर दोर बदलायचा.
छत बदला, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

शेवटी घेतली ती वेगळी खोली:
छप्पर सगळ्यांचं, मीटर माझा,
आणि भिंत अशी की भाद्रपदात सरकवता येते.
महिना सहाशे.
एक प्रत दुसऱ्या गावच्या यंत्रात, रोज रात्री दोनला.
जुलैत आन्सेल्मनं तीस हजार खोटे पाहुणे सोडले तिच्यावर.
बाविसाव्या हजाराला ती करकरली.
मी खुर्चीतच गुडघे दुमडले.
त्यानं भिंत आणखी हातभर सरकवली.

यंदा चवथीच्या आदल्या दिवशी, नऊ बाराला,
पान चार सेकंद उघडेना.
चार सेकंद म्हणजे किती, ते मला विचारा.
मग वरून खाली, पट्टीपट्टीनं,
लाल होत गेलं.
जानकीचा फोन आलाच नाही. संध्याकाळी मीच केला.
"सोंपलीं," म्हणाली, आणि तिला बोलायला वेळ नव्हता.

आता आश्विन. भिंत पुन्हा जागेवर.
दिवसाला सत्तर माणसं, त्यातली तीन-चार मीच.
छताखालची ती चौकट वर्षभर फुकट टांगलेली असते,
माझीचे सहाशे जातात.
काल शाणूकाकाला हे समजावून सांगितलं.
म्हणाला, दोर तरी दर वर्षी नवा घेतेस ना?