गुरुवारच्या आधी

मशीन गुरुवारी येणार. आज सोमवार.
आर्मास सिंकखाली आडवा झालाय,
बाहेर फक्त पोट आणि लोकरीचे मोजे.
थंडर बेमध्ये आज उणे सत्तावीस.

मशीन हवं असं मी म्हटलं नव्हतं.
बोटांच्या पेरांनी म्हटलं असेल,
परवा कप निसटला तेव्हा.
त्यानं तुकडे वेचले, कान शोधला,
बोलला काही नाही.
दुसऱ्या दिवशी दुकानातून पावती आणली.

"गरम लाइनला टी बसवायचा," तो आतून सांगतो,
"मशीनला वेगळा कॉक.
मशीन बिघडलं तरी सिंक अडायला नको."
मी विजेरी धरते. "इकडे नाही, तिकडे."
एकोणचाळीस वर्षं झाली,
त्याचं तिकडे नेमकं कुठे ते मला कळलेलं नाही.

तळघरात जाऊन मुख्य कॉक बंद केला. घर गप्प.
तांबं कापलं, कडा घासून लख्ख केल्या
आणि ठिबकायला लागलं.
एक थेंब.
मग, संपलं असं वाटल्यावर,
आणखी एक.
जुना कॉक पुरता मिटत नाही,
आणि ओली नळी झाळ घेत नाही,
सगळी आच पाणी उकळण्यातच जाते.

"पाव आण," आर्मास म्हणाला.
मला वाटलं भूक लागली. राय कापून लोणी लावून दिला.
तो हसला तशी कपाटाची फळी थरथरली.
"खायला नाही गं, नळीत कोंबायला.
पांढरा. मऊ. निकामी."

तसला पाव आमच्याकडे कधी आला नाही.
त्याची आई त्याला कापूस म्हणायची.
मी कोट चढवला, बूट चढवले,
समोर ओरिसियाकडे गेले,
तिच्या नातवांना तसलाच लागतो.
"नळासाठी पाव हवाय," म्हटलं.
तिनं काही विचारलं नाही, दोन चकत्या दिल्या,
मग दाराबाहेर येऊन आणखी एक.

कडा काढून त्यानं लगदा आत सारला.
थेंब थांबला.
मागच्या लाकडाला ओलं फडकं, मग निळी ज्वाला,
आणि झाळ जोडाभोवती एका दमात फिरली.
देवाचं माहीत नाही,
पाव पावला.

पाणी सोडल्यावर नळ खोकला.
आधी पांढरा भुगा, मग गढूळ, मग स्वच्छ, मग वाफ.
जोडाखाली त्यानं कोरडा कागद धरला.
पाच मिनिटं. दहा.
"कुठं पाणी मुरत नाही ना?" मी विचारलं.
कोरडा.

रात्री भांडी मी हातानंच घासली.
तो पुसायला उभा, फडकं खांद्यावर.
बोलायचं ते आम्ही इथंच बोलत आलो,
खिडकीकडे तोंड करून.
धान्याचं कोठार बंद झालं, त्याची नोकरी गेली,
ते त्यानं एक पातेलं पुसता पुसता सांगितलं होतं.
गुरुवारनंतर कुठं उभं राहायचं, मी विचारलं.
तो म्हणाला, "चमचे राहिलेत."

झोपण्याआधी सिंकखाली हात घातला.
रिकाम्या चौकोनाकडे वळलेली नवी नळी,
कॉकपाशी येऊन थांबलेलं पाणी,
अजून कोमट.