बाटलीच्या पाठीवर

चार ओळी लिही, यामिनी, खैरनार म्हणाले,
बाटलीच्या पाठीवर दोन बोटं जागा आहे.
वास, चव, कशाबरोबर प्यावी.
आणि वय खरं लिही. सहा महिने तर सहा महिने.

वेलाचं नाव सांजोवेझे, इटलीहून आलेला.
पिंपळनेरच्या बायांनी पहिल्याच दिवशी
त्याचं सांजवेळ करून टाकलं.
सांजवेळले पानी दिधं का व माय?
आता मीही वहीत तेच लिहिते:
टाकी दोन, सांजवेळ, तापमान सव्वीस.

नमुन्याला त्यांनी तिकडच्या बाटल्या ठेवल्या होत्या.
त्यांच्या पाठीवर चेरी, व्हायोलेट, जुनं चामडं.
चेरी मी केकवर पाहिलीय, साखरेत मेलेली.
व्हायोलेट माहीत नाही.
चामडं मात्र लगेच कळलं,
शेडच्या आढ्याला आजोबांची मोट टांगलेली आहे,
दमट दिवसांत ती जो वास सोडते
तो या पेल्याच्या अगदी तळाशी आहे.

रंग फिका. पेल्यापलीकडचं बोट दिसतं.
अजून कोवळी. दात येताना पोर
हाताला लागेल ते चावतं, तशी जिभेच्या कडा चावते.
चोखून झालेल्या कोयीचा आंबटपणा,
मागून करवंदाच्या चिकासारखं काही.
कळण्याची भाकर, भरीत, वर कच्च्या तेलाची धार:
इथे जमते.
शेवभाजीपुढे हरते, तेही लिहायला हवं.

तिकडे म्हणे वेल चार महिने झोपतो.
इथे कुठली झोप.
एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी,
दोनदा कापायचा, एकदा खुडायचा,
तोही रात्री, कपाळाला दिवे बांधून.

ओरेस्ते आला होता, सल्ला द्यायला. सत्तरीचा,
बसताना दोन्ही गुडघे वाजले.
मातीचं ढेकूळ जिभेवर ठेवलं, थुंकला,
म्हणाला, दाणा रंगायला लागला की पाणी तोडा.
तहानलेला वेल शहाणा होतो.

माझा बाप एकतीस वर्षं फडाचा पाटकरी.
पांझरेचं पाणी, ज्याची बारी त्याला.
सरपंचाच्या उसाला ओंजळभर जास्त नाही,
स्वतःच्या सासऱ्याला नाही,
आणि कुणाची बारी चुकली असंही कधी नाही.
पाणी तोडा, हे त्याने मला दोनदा विचारलं.
मग बारं बंद केलं, चिखलाने लिंपलं,
आणि चाळीस दिवस
ताटातली अर्धी भाकर परत दुरडीत.

फेब्रुवारीत मी ओळीओळीने साखर मोजली.
तेवीस, तेवीस, साडेतेवीस.
पाटाकडच्या शेवटच्या ओळीत एकोणीस.
दाणे टपोरे, पाणचट, खुशीत.
बांधावर वाळलेले ठसे,
उजवी टाच खोल, डावी नुसती टेकलेली.
आमच्या घरात एकच माणूस तसा चालतो.
मी फावडं धुऊन ठेवलं.
वहीत सरासरी लिहिली.

त्या रात्री मी काही विचारलं नव्हतं.
तोच म्हणाला, ताटाकडे बघत:
तिले तीस लागेल व्हती.

हे दोन बोटांत बसत नाही.
खैरनारांना मी दिलं ते असं,
फिकट लाल, कोवळी, आंबटसर, किंचित तुरट.
भरिताबरोबर घ्यावी.
छान, म्हणाले. छापायला गेलं.

बाटल्या भरल्या त्या संध्याकाळी
एक बूच घरी आणलं.
बापाने हुंगलं, चिंच, म्हणाला,
आणि कोनाड्यात ठेवलं, बॅटरीच्या सेलांशेजारी.
मग जरा वेळाने,
ती शेवटली ओळ कोन्ती बाटलीमा गई?

सगळ्यांत, मी म्हटलं. थोडी थोडी.

मग बराबर शे, तो म्हणाला.
सगळासले भेटनं.